वंशावळीत लेकी हव्यात

१९७१ साली ‘ब्रेन’ या ब्रिटनमधून निघणाऱ्या, मज्जासंस्थेच्या आजारांना वाहिलेल्या जुन्या आणि मान्यवर नियतकालिकात मुंबईच्या दोन डॉक्टरांचा एक लेख छापून आला. लेखक होते डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी. लेखात नऊ कुटुंबांची हकीकत होती. या कुटुंबांतल्या काही माणसांचा ऐन उमेदीच्या वयात चालताना तोल जाऊ लागे, जीभ जड होई, हातातली वस्तू नेमकी जागेवर ठेवता येईनाशी होई. एवढे तर तोल जाण्याच्या इतर आनुवंशिक आजारांतही दिसते. या कुटुंबांत आणखी एक खूण होती. त्यांची नजर मंद झालेली होती. निरोगी माणूस एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहतो तेव्हा डोळे क्षणार्धात उडी घेतात. या रुग्णांचे डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश सरकत. ही खूण बाळगणारा आजार वेगळा मानला पाहिजे, असे वाडिया आणि स्वामी यांनी मांडले. १९९६ मध्ये त्याचे जनुक सापडले. आज जग या आजाराला ‘स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २’, म्हणजे थोडक्यात एससीए-२ म्हणून ओळखते.

डॉ. वाडिया लंडनमधले प्रशिक्षण संपवून १९५७ साली मुंबईत परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी मेंदूविकारांचा विभाग उभा केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, २०१६ मध्ये ते गेले. त्यांनी हा आजार ओळखला तेव्हा भारतात सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. रुग्णासमोर दोन बोटे धरायची, आळीपाळीने त्यांच्याकडे पाहायला सांगायचे आणि डोळे कसे फिरतात ते लक्ष देऊन बघायचे, एवढ्या तपासणीवर ही ओळख पटली. त्याच्या जोडीला होती कुटुंबांची नीट लिहिलेली माहिती: कोणाला आजार, कितव्या वर्षी सुरू झाला, त्याच्या आईवडिलांपैकी कोणाला होता, भावंडांपैकी कोणाला आहे. कल्याणहून लोकल पकडून भायखळ्याला उतरले की ज्या रुग्णालयात पोहोचता येते, तिथे या संशोधनाचा पाया घातला गेला. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या वाचकांसाठी या आजारावरची ही पुस्तिका तयार होत असताना प्रस्तावनेची सुरुवात म्हणूनच तिथून केली आहे.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात अनुमस्तिष्क असते. चालणे, बोलणे, लिहिणे, घास तोंडापर्यंत नेणे या साऱ्या हालचालींचा मेळ ते घालते. एससीए-२ मध्ये तिथल्या पेशी हळूहळू मरत जातात. मेंदूच्या बुंध्यातल्या, नजरेची उडी घडवणाऱ्या पेशीही त्यात सापडतात, म्हणून डोळे मंदावतात. बहुतेकांत आजार तिशी-चाळिशीत डोके वर काढतो. त्याच्या आधी काही वर्षे रात्री पोटऱ्यांत वांब येतात, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मग जिना उतरताना कठडा लागतो, सही बदलते, फोनवर बोललेले पलीकडच्याला कळत नाही. दोन पायांत अंतर ठेवून चालण्याची सवय लागते. पुढे गिळताना ठसका लागू लागतो, पायांची संवेदना कमी होते, आणि काही वर्षांनी चाकाची खुर्ची लागते. समज आणि आठवण मात्र पुष्कळांत बराच काळ शाबूत राहते. त्यामुळे आपल्याविषयी भोवतालचे लोक काय बोलतात, ते रुग्णाला पुरते कळत असते.

आणि लोक काय बोलतात? झोकांड्या खात चालणारा, शब्द ओढत बोलणारा माणूस पाहिला की पहिला तर्क दारूचा होतो. डोंबिवलीच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत ज्याचा तोल जातो, त्याला हात देण्याआधी लोक त्याच्यापासून दूर सरकतात. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाला नोकरीच्या ठिकाणी समज दिली जाते, शेजारी बायकोला सबुरीचे सल्ले देतात. बाईला हा आजार झाला तर ‘अंगात अशक्तपणा आहे’, ‘मन लागत नाही’, ‘बाहेरची बाधा आहे’ अशी कारणे पुढे येतात. आजाराच्या त्रासाइतकाच हा गैरसमज माणसाला घरात कोंडतो. या पुस्तिकेने एकच काम केले, म्हणजे झोकांडी पाहून ‘हा आजार असू शकतो’ एवढा विचार चार लोकांच्या मनात आणला, तरी तिचे चीज झाले असे मी मानेन.

किती लोकांना हा आजार असेल? पिढीजात उतरणाऱ्या अशा सगळ्या प्रकारच्या अटॅक्सियांचे प्रमाण जगभरच्या पाहण्यांवरून लाखात सुमारे तीन धरले जाते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहरात अठरा लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक लोक होते. साधे त्रैराशिक मांडले तर या दोन शहरांतच अशा रुग्णांची संख्या नव्वदीच्या आसपास जाते. ही मोजणी नव्हे, अंदाज आहे. आणि त्यात एससीएचे सगळेच प्रकार आले. तरीही ‘दुर्मिळ’ म्हणून ज्याची आपण बोळवण करतो तो आजार आपल्याच स्टेशनवर, आपल्याच इमारतीत असू शकतो, एवढे या आकड्यावरून कळते.

आता त्याचे मूळ. आपल्या बाराव्या गुणसूत्रावर एटीएक्सएन-२ नावाचे जनुक आहे. त्यात सी, ए, जी या तीन रासायनिक अक्षरांचा गट लागोपाठ येतो. बहुतेक माणसांत तो बावीस वेळा येतो. पोथी वाचताना एकाच ओळीवर अडकून तीच पुन्हा पुन्हा वाचली जावी, तसे काही कुटुंबांत हे आवर्तन वाढत जाते. ते तेहतीस-चौतिसाच्या पुढे गेले की त्या जनुकापासून बनणारे अटॅक्सिन-२ हे प्रथिन पेशींना घातक ठरते. आवर्तने जितकी जास्त, तितका आजार लवकर येतो. पिढी उतरताना हा आकडा वाढू शकतो, विशेषतः वडिलांकडून येताना. म्हणून आजोबांना पन्नाशीत झालेला त्रास मुलाला पस्तिशीत आणि नातवाला विशीत झालेला दिसतो. पूर्वी याला घराण्याचा शाप म्हणत. आज त्याचे कारण प्रयोगशाळेत मोजता येते.

आईवडिलांपैकी कोणा एकाकडे हे वाढलेले जनुक असेल, तर प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, हिशेब तोच. ज्या अपत्यात ते उतरले नाही, त्याच्या मुलाबाळांनाही ते मिळत नाही. तिथे साखळी तुटते. या दोन गोष्टींवर पुढचे सारे अवलंबून आहे.

गेल्या तीस वर्षांत या आजारावर जगात जे काम झाले, त्याचे मोठे केंद्र क्युबातला ओल्गिन प्रांत आहे. एससीए-२ चे जगातले सर्वांत जास्त प्रमाण तिथे आढळले. तिथल्याच कुटुंबांच्या अभ्यासातून १९९३ मध्ये हे जनुक बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. मग १९९६ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जपानमधल्या तीन गटांनी ते एकाच वेळी शोधून काढले. दोन वर्षांनी डॉ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी ‘ब्रेन’मध्येच प्रसिद्ध केली आणि निदानात मंद नजरेचे महत्त्व किती, हे पुन्हा दाखवले. २००४ मध्ये क्युबाच्या संशोधकांनी नजरेच्या उडीचा वेग यंत्राने मोजला. सी-ए-जी आवर्तने जितकी जास्त, तितका तो वेग कमी, असे त्यांना आढळले. जे. जे. रुग्णालयात दोन बोटांवर पाहिलेली खूण अशी आकड्यांत आली. आज एखादे औषध लागू पडते का हे ठरवताना नजरेचा वेग हे एक मोजमाप म्हणून वापरता येते.

औषधांच्या बाबतीत मात्र वाचकाला खोटी आशा दाखवणे पाप ठरेल, म्हणून जे घडले ते जसेच्या तसे सांगतो. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन महत्त्वाचे अभ्यास आले. जनुकाकडून प्रथिनाकडे जाणारा निरोप वाटेतच अडवणारे रेणू वापरून उंदरांत अटॅक्सिन-२ चे प्रमाण कमी केले गेले. एससीए-२ असलेल्या उंदरांची हालचाल सुधारली. एएलएस या दुसऱ्या मेंदूविकाराचे गुण असलेल्या उंदरांचे आयुष्य वाढले. एएलएसचा संबंध यायचे कारण असे की याच जनुकातली मध्यम लांबीची आवर्तने त्या आजाराचा धोका वाढवतात, हे २०१० मध्ये लक्षात आले होते. माणसांवरचा प्रयोग मग एएलएसच्या रुग्णांत झाला. औषधाने प्रथिन कमी झाले, पण रुग्णांना फायदा दिसला नाही आणि २०२४ मध्ये ते काम थांबवण्यात आले. त्याआधी फ्रान्समध्ये एससीए-२ च्या पंचेचाळीस रुग्णांवर रिलुझोल या जुन्या औषधाची वर्षभर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्या औषधाचाही उपयोग झाला नाही. त्याच्याच जातकुळीतल्या ट्रोरिलुझोलला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्यता नाकारली. २०२३ मध्ये फ्रीडराइश अटॅक्सियासाठी ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध अमेरिकेत मंजूर झाले, पण तो आजार वेगळा, त्याचे जनुक वेगळे. एससीए-२ च्या रुग्णाने ते घेऊन उपयोग होईल असा पुरावा नाही.

ट्रोरिलुझोलची हकीकत थोडी थांबून वाचण्यासारखी आहे. औषध घेणाऱ्या रुग्णांची तुलना, पूर्वी नुसत्या नोंदी ठेवलेल्या, औषध न घेतलेल्या रुग्णांशी केली होती. आजार सावकाश वाढतो, वर्षभरात फरक दिसत नाही, त्यामुळे अशा जुन्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. नियामकाची शंका या तुलनेवरच होती. म्हणजे दुर्मिळ आजारात औषधाइतकीच नोंदही मोलाची असते: उपचार न घेता आजार कोणत्या वयात कसा वाढतो, वर्षाला किती वाढतो, कोणत्या आवर्तनसंख्येला किती. अशा पक्क्या नोंदी जितक्या जास्त कुटुंबांच्या आणि जितक्या वर्षांच्या असतील, तितके औषध तपासणे सोपे. १९७१ मध्ये नऊ कुटुंबांची माहिती लिहिली गेली म्हणून आजार ओळखला गेला. औषध ओळखायलाही कुटुंबांची माहितीच लागणार आहे.

इथे ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा प्रश्न येतो. ही शहरे गावाकडून आणि गिरणगाव-गिरगावातून आलेल्या माणसांनी भरली. एक भाऊ डोंबिवलीत, दुसरा कोकणात, बहीण दिलेली साताऱ्याकडे, काका ठाण्यात पण येणे-जाणे बंद. गावातल्या वाड्यात चार पिढ्या एका ओसरीवर बसत तेव्हा ‘यांच्याकडे हे असते’ असे निदान कोणीतरी म्हणे. आता प्रत्येक फ्लॅटमध्ये एकच रुग्ण असतो आणि त्या घराला वाटते, हे फक्त आपल्यालाच झाले. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाईत किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात केसपेपर काढून आत गेलेल्या माणसाला कोणताही चांगला डॉक्टर विचारणारच: ‘घरात आणखी कोणाला आहे का?’ आणि माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘नाही.’

ते ‘नाही’ का येते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे वंशावळीचे वेड जुने आहे. त्र्यंबकेश्वरचे आणि नाशिकचे तीर्थोपाध्याय घराण्यांच्या नामावळी पिढ्यान् पिढ्या सांभाळतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन कुळाचा इतिहास म्हणून दाखवतात. मूळ गाव, कुलदैवत, पणजोबांचे नाव आपण धडाधड सांगतो. पण या वंशावळींत नावे मुख्यतः पुरुषांची. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच छाटली जाते. तिच्या मुलांची नावे दुसऱ्या घराण्याच्या खात्यात जातात. आणि त्या दुसऱ्या घराण्यात आईचे माहेर लिहिले जात नाही. एससीए-२ ला हा रिवाज ठाऊक नाही. आजोबांकडून तो आत्याकडे जातो, आत्याकडून तिच्या मुलाकडे, आणि तो मुलगा डॉक्टरांना सांगतो की वडिलांच्या घरात कोणालाच काही नव्हते. त्याचे म्हणणे खरे असते. त्याच्या आजोळी मात्र मामाला हाच त्रास असतो आणि मामाकडे गेल्या दहा वर्षांत कोणी गेलेले नसते.

याला लग्नाची भीती जोडून येते. घरात असा आजार आहे हे कळले तर मुलीला स्थळ येणार नाही, म्हणून तिच्या वडिलांचे चालणे ‘गुडघेदुखी’ ठरते. मुलगी सासरी जाते, तिशीत तिला त्रास सुरू होतो, सासरचे फसवणुकीचा आरोप करतात, माहेरचे गप्प बसतात. खरे तर तिला स्वतःलाही कोणी काही सांगितलेले नसते. या गप्प बसण्याचा सर्वांत मोठा भार बायकांनी वाहिला आहे. ज्या कागदावर त्यांचे नाव नाही, त्या कागदामुळे त्यांचे निदान वर्षानुवर्षे लांबते.

म्हणून या पुस्तिकेचा सर्वांत आग्रहाचा भाग वंशावळ लिहिण्याचा आहे. डॉक्टर ती ठरावीक खुणांनी काढतात: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आकृती भरीव, मृत्यू झाला असेल तर आकृतीवर तिरपी रेघ. निदान तीन पिढ्या हव्यात, आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही. प्रत्येक नावापुढे त्रास कितव्या वर्षी सुरू झाला ते अदमासाने लिहावे. ‘दारू प्यायचा’, ‘वात होता’, ‘जिन्यावरून पडून गेला’, ‘डोक्यावर परिणाम झाला’ अशी जी कारणे घरात सांगितली जातात तीही जशीच्या तशी टिपावीत. जाणत्या डॉक्टरला त्यातून खूण सापडते. जुन्या लग्नांचे व्हिडिओ घरोघरी पडून आहेत. अक्षता टाकायला पुढे येणाऱ्या आजोबांची चाल त्यात दिसते. आणि घरातली ही माहिती बहुधा आत्या, मावशी, मोठ्या काकू यांच्याकडे असते. त्यांच्याकडे जाऊन बसावे.

जनुकाची चाचणी रक्तातून होते. ज्याला लक्षणे आहेत त्याच्या बाबतीत ती निदान पक्के करते आणि इतर, उपचार होऊ शकणारी कारणे शोधण्याची वणवण थांबवते. अर्थात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड यांसारखी साधी कारणे आधी तपासलेली असावीत. ज्याला लक्षणे नाहीत पण धोका आहे, त्याची गोष्ट वेगळी. क्युबात २००१ पासून अशा लोकांसाठी समुपदेशनासह चाचणीचा कार्यक्रम चालतो. सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने, आधी समुपदेशकाशी बोलून, मगच ही चाचणी करावी, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. सासरच्यांनी सुनेला, आईवडिलांनी लहान मुलांना चाचणीला उभे करू नये. जाणून घेण्याचा हक्क जितका खरा, तितकाच न जाणण्याचाही खरा. वंशावळीचा कागद हा घराचा खासगी कागद आहे. तो डॉक्टरांना दाखवायचा, स्थळ पाहायला आलेल्यांच्या हाती द्यायचा नाही.

औषध नसले तरी करण्यासारखे खूप आहे, आणि पुढची बरीच पाने त्यालाच दिली आहेत. क्युबात एससीए-२ च्या रुग्णांना चोवीस आठवडे नियमित, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. त्यांचा तोल आणि हालचाल सुधारली. २००९ मध्ये जर्मनीतल्या अभ्यासातही अनुमस्तिष्काच्या आजारांत समन्वयाच्या व्यायामाचा फायदा दिसला. फिजिओथेरपी हा मन रमवण्याचा उपाय नसून याच आजारात पारखलेला उपचार आहे. पोटऱ्यांच्या वांबांवर, पायांच्या ताठरपणावर औषधे आहेत. गिळण्याची आणि बोलण्याची तालीम वेळेवर सुरू केली तर ठसक्यातून होणारा न्यूमोनिया टाळता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि मज्जासंस्थेचे जुनाट आजारही त्यांत येतात. प्रमाणपत्र हाती असले की लोकलच्या दिव्यांग डब्यात चढताना कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने तळमजल्याचा विचार पहिल्या पडझडीच्या आधी करावा. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईत परळचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. आनुवंशिक आजाराच्या सल्ल्यासाठी कुठे जावे, याची विचारपूस तिथून सुरू करता येते.

ही पुस्तिका रुग्णांसाठी आहे, तशीच फॅमिली डॉक्टरांसाठी, फिजिओथेरपिस्टसाठी, आशाताईंसाठी आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांसाठीही आहे. फॅमिली डॉक्टरांना एकच विनंती आहे. तोल जाणारा रुग्ण समोर आला की दोन बोटे धरून त्याची नजर पाहा, आणि ‘घरात कोणाला आहे का’ असे न विचारता ‘आईच्या माहेरी कोणाला होते का, आत्याच्या मुलांना आहे का’ असे विचारा. प्रश्न बदलला की उत्तरही बदलेल.

औषध कधी येईल, हे आपल्या हाती नाही. मात्र ते ज्यांना द्यायचे त्यांची ओळख पटलेली असणे, त्यांचे स्नायू आणि चाल तोवर शक्य तितकी टिकलेली असणे, आणि औषधाची पारख करायला लागणाऱ्या नोंदी तयार असणे, हे तिन्ही आपल्या हाती आहे. यातले पहिले काम कागद, पेन आणि एका निवांत रविवारात होते. त्या कागदावर पहिली ओळ आजीच्या माहेरची लिहा.